चूल गार पडली की दिवा लागतो: कॅम्पर गाडीतली जाळी आणि युरिया

पाटणहून कोयनानगरकडं जाताना आमच्या कॅम्परच्या, म्हणजे आत झोपायची-राहायची सोय केलेल्या व्हॅनच्या, मीटरवर एक पिवळा दिवा लागला. सायलेन्सरच्या डब्याचं चित्र आणि आत ठिपके. गाडी ओढत होती, आवाज नेहमीचाच होता, मागं बेडवर आई झोपली होती. मी दिवा बघितला आणि गाडी चालवत राहिलो. पुढच्या तीन आठवड्यांत त्या दिव्यानं आमची सगळी सुट्टी खाल्ली. आधी पिकप गेला, मग चेक इंजिन लागलं, मग चढाला गाडी तिसऱ्या गिअरच्या वर जाईना. शेवटी सर्व्हिस सेंटरनं हातात सव्वा लाखाचं एस्टिमेट ठेवलं तेव्हा बायको आणि मी एकमेकांकडं बघत राहिलो.

सातारा, कराड, सांगली, मिरज या पट्ट्यात डिझेल व्हॅनवर कॅम्पर बांधून घेणारे आता बरेच झालेत. राज्यानं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून भाड्यानं देणारेही वाढले. यांच्यातल्या कुणाशीही बोललो की बेड, सिंक, सोलर यांतलं त्यांना सगळं माहीत असतं. सायलेन्सरच्या नळीत काय चाललंय हे मात्र कुणी समजावून दिलेलं नसतं. गाडी विकणाऱ्यानं नाही आणि कॅम्पर बांधणाऱ्यानं तर नाहीच. ते इथं मांडतो. हे एकदा समजलं की निम्मी दुखणी होतच नाहीत, अशी माझी खात्री आहे.

डिझेल जळताना दोन प्रकारची घाण तयार होते. एक काजळी. ती डोळ्यांना दिसते, जुन्या टेम्पोच्या मागं उभं राहिलं की नाकात जाते. दुसरी दिसत नाही. इंजिनच्या आत उष्णता फार वाढली की हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येतात आणि नायट्रोजनचे ऑक्साइड बनतात. छाती भरून येणं, डोळे चुरचुरणं, दम्याच्या माणसाला त्रास होणं ही त्यांची करणी. अडचण अशी की या दोघांचं एकमेकांशी पटत नाही. इंजिन जास्त गरम जाळावं तर काजळी कमी होते पण नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतात. थंड जाळावं तर उलटं होतं. म्हणून एका यंत्रानं दोन्ही सुटत नाहीत आणि सायलेन्सरच्या नळीत एकामागं एक डबे बसवावे लागतात.

आपल्याकडं १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचे कडक नियम लागू झाले. आधीच्या बीएस-४ च्या मानानं डिझेल कारच्या धुरातली काजळीची मर्यादा सुमारे ८२ टक्क्यांनी खाली आली आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडची सुमारे ६८ टक्क्यांनी. त्यासाठी डिझेलसुद्धा बदललं, त्यातलं गंधक ५० पीपीएमवरून, म्हणजे दहा लाखांत ५० भागांवरून, १० वर आणलं. पुढं एप्रिल २०२३ पासून धुराची तपासणी प्रयोगशाळेपुरती राहिली नाही, रस्त्यावर चालत्या गाडीतही ती पार पडावी लागते. त्यामुळं आधी ज्या लहान इंजिनांचं युरियाशिवाय भागत होतं, त्यातल्या बऱ्याच गाड्यांना युरियाची, म्हणजे धुरात फवारायच्या युरियाच्या द्रावणाची, टाकी आली. तुमच्या गाडीला डिझेलच्या झाकणाशेजारी निळं झाकण आहे का, ते आधी बघा. नसेल तर या लेखातला युरियाचा भाग तुम्हाला लागू नाही. जाळीचा, म्हणजे काजळी अडवणाऱ्या डब्याचा, भाग मात्र बीएस-६ डिझेलवाल्या सगळ्यांनाच लागू आहे.

आता डबे क्रमानं घेऊ. इंजिनपाशीच ईजीआर नावाचा व्हॉल्व्ह असतो. तो थोडा जळालेला धूर परत इंजिनात सोडतो, म्हणजे आतली उष्णता जरा कमी राहते. त्यानंतर येतो एक उत्प्रेरक डबा. तो अर्धवट जळालेला वायू पुरता जाळतो आणि पुढच्या डब्याला लागणारी ऊब तयार करतो. मग येते डीपीएफ, जिला आपले मिस्त्री ‘जाळी’ म्हणतात. ही चिनी मातीसारख्या पदार्थाची असते. मधमाश्यांच्या पोळ्यासारखे बारीक बोगदे, पण एक बोगदा या टोकाला बंद आणि त्याच्या शेजारचा त्या टोकाला. धुराला भिंतीतून झिरपूनच पलीकडं जावं लागतं, आणि काजळी भिंतीवर अडकते. सगळ्यात शेवटी युरियाचा डबा. त्यात नायट्रोजनच्या ऑक्साइडचा निकाल लागतो.

जाळीत अडकलेली काजळी कुठं जाते? ती तिथंच जाळायची असते, आणि सगळी गोम इथंच आहे. गाडी रस्त्याला लागून नीट तापलेली असली की काजळी आपोआप हळूहळू जळत राहते. तेवढ्यानं भागलं नाही तर गाडीचा कॉम्प्युटर स्वतः पुढाकार घेतो. तो सिलिंडरमध्ये उशिरा थोडं जादा डिझेल सोडतो, ते जाळीआधीच्या उत्प्रेरक डब्यात जळतं आणि जाळी सहाशे अंशांच्या आसपास तापते. काजळी जळून जाते, जाळी मोकळी होते. याला रिजनरेशन म्हणतात. हे काम पंधरा-वीस मिनिटं चालतं आणि तेवढा वेळ गाडी पळती राहावी लागते.

घरात चूल असलेल्यांना हे लगेच कळेल. पातेल्याच्या बुडाची काजळी भडक्या जाळावर जळून जाते. राख मात्र कितीही जाळ घातला तरी राखच राहते, ती उपसूनच काढावी लागते. जाळीतही तसंच आहे. काजळी जळते, पण इंजिन ऑइल जळून जी राख होते ती जाळीतच साठत जाते. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत कमी राखेचं ऑइल लिहिलेलं असतं, लो-सॅप्स किंवा सी-३, सीके-४ असा काहीतरी दर्जा. दुकानदारानं ‘हेच चालतंय सगळ्या डिझेलला’ म्हणून दिलेलं ऑइल शे-दोनशे रुपये वाचवतं आणि जाळीचं आयुष्य खातं. इथं तडजोड करू नका.

आता कॅम्परवाल्यांनाच हा त्रास जास्त का होतो, ते बघा. मालवाहू गाडी दिवसाला चारशे किलोमीटर पळते, तिची चूल कायम पेटलेली असते. आपली गाडी शनिवारी सकाळी साताऱ्यातून निघते, यवतेश्वरचा घाट चढून पंचवीस किलोमीटरवर कासला पोचते आणि थांबते. तिथं आपण इंजिन चालू ठेवून बसतो, कारण आतल्या बॅटऱ्या चार्ज करायच्या असतात किंवा मुलांना एसी हवा असतो. जागेवर चालणाऱ्या इंजिनाचा धूर जेमतेम शंभर-दीडशे अंश असतो. त्या उष्णतेला काजळी साठते, जळत नाही. मग उतारानं परत यायचं, म्हणजे ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला आणि इंजिन जाळीतून नुसती गार हवा ढकलतंय. सोमवारी गाडी शेडमध्ये. रिजनरेशन सुरू झालं असेल तर अर्ध्यात तुटलं. असं चार-पाच वेळा झालं की दिवा लागणारच.

अर्धवट तुटलेल्या रिजनरेशनचं आणखी एक नुकसान आहे, आणि ते लक्षात यायला वेळ लागतो. उशिरा सोडलेलं जादा डिझेल सगळंच धुरात जात नाही, थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसते. पातळी वाढली म्हणजे चांगलंच असं समजू नका. ऑइल पातळ झालंय. डिपस्टिकच्या वरच्या खुणेच्या पुढं ऑइल गेलं असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर ते बदलल्याशिवाय लांबच्या प्रवासाला निघू नका.

म्हणून माझं पहिलं सांगणं बॅटरीबद्दल आहे. आतल्या बॅटऱ्या इंजिनावर जागेवर चार्ज करायचं सोडा. छतावर सोलर घाला, नाहीतर मुक्कामाला लाइटचा पॉइंट मिळेल अशी जागा शोधा. माझ्या गाडीत हा एक बदल केला आणि दिवा लागण्याचं प्रमाण एकदम खाली आलं. कासच्या पठारावर सप्टेंबरात इंजिन घुमवत बसणं तसंही बरं नाही. फुलं बघायला आलेली शेकडो माणसं तोच धूर श्वासातून घेतात.

दिवा लागलाच तर काय करायचं? नुसता पिवळा, उघडझाप न करणारा जाळीचा दिवा असेल आणि गाडी ओढत असेल, तर ती गाडीची विनंती आहे की मला थोडं पळू द्या. डिझेल पाव टाकीच्या वर आहे का बघा, कारण त्याखाली बऱ्याच गाड्या रिजनरेशन सुरूच करत नाहीत. मग गाडी हायवेला घ्या. साताऱ्यातून कराडकडं, शेंद्रे, नागठाणे, अतीत, उंब्रज असा पट्टा मी धरतो. सांगली-मिरजेच्या लोकांना कवठेमहांकाळच्या दिशेचा रत्नागिरी-नागपूर महामार्ग सोयीचा. एक गिअर खाली ठेवा म्हणजे इंजिन दोन ते अडीच हजार फेऱ्यांवर राहील, आणि साठ-सत्तरच्या वेगानं वीस-पंचवीस मिनिटं न थांबता चालवा. चहाला थांबू नका. पुणे-बंगळूर रस्त्यावर सहापदरीच्या कामाचे वळसे लागत असतील, तर गर्दीची वेळ टाळा, पहाटे निघा.

रिजनरेशन चालू असताना गाडी काही खुणा देते. इंजिनाचा आवाज किंचित भरडा होतो, जागेवरच्या फेऱ्या नेहमीपेक्षा शंभर-दोनशेनं वर राहतात, तापलेल्या लोखंडाचा वास येतो, त्या वेळचं मायलेज पडतं. गाडी बंद केल्यावरही पंखा फिरत राहिला, तर समजा काम अर्ध्यात थांबवलंय. जमलं तर परत सुरू करून दहा मिनिटं पळवून आणा.

इथं एक गोष्ट काळजीनं सांगायची आहे, कारण ती आपल्याच भागातली आहे. रिजनरेशनच्या वेळी जाळीजवळची नळी इतकी तापते की तिच्याखाली वाळलेलं काही असेल तर पेट घेऊ शकतं. ऊसतोडीनंतर रानात पाचट पसरलेलं असतं. माण-खटावच्या माळावर डिसेंबरनंतर गवत गुडघाभर वाळलेलं असतं. कॅम्परवाला मुक्कामाला नेमका असल्याच जागी वळतो, कारण तिथं शांतता असते. गाडी पळवून आणल्यावर मुक्कामाला लावताना मुरूम, खडी, डांबर किंवा ओली माती बघा. पाचटावर कधीही नाही. मागं घरातली माणसं झोपलेली असतात.

उघडझाप करणारा दिवा, लाल दिवा, किंवा दिव्यासोबत ताकद गेलेली असेल, तर मात्र पळवण्याचा हट्ट करू नका. काजळी एका हद्दीपलीकडं साठली की कॉम्प्युटर स्वतःच रिजनरेशन नाकारतो, आणि त्याचं बरोबर असतं. इतकी काजळी एकदम पेटली तर जाळी वितळू शकते. तिथून पुढं स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलणारं यंत्र, लावून जागेवरचं सक्तीचं रिजनरेशन, आणि तेही झालं नाही तर जाळी उतरवून स्वच्छ करणं.

आता माझ्या त्या सव्वा लाखाकडं येतो. सर्व्हिस सेंटरचं म्हणणं होतं जाळी गेली, नवी टाका. त्याआधी दोन वेळा त्यांनी सक्तीचं रिजनरेशन केलं होतं, आणि दोन्ही वेळा आठशे-हजार किलोमीटरात दिवा परत आला होता. शेजाऱ्यानं कराडच्या एका जुन्या मिस्त्रींकडं पाठवलं. ट्रक, ट्रॅक्टर, व्हॅन, सगळं बघणारा माणूस. त्यांनी स्कॅनर काढला नाही. सकाळी गार गाडी सुरू करायला सांगितली, बॉनेट उघडलं आणि रेडिएटरला जाणारी वरची रबरी नळी मुठीत धरून उभे राहिले. मला म्हणाले, ‘तुम्हीबी धरा, दादा.’ नळी पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेली.

‘ही आता गार पायजे. इंजिन तापलं की मग एकदम गरम व्हायला पायजे,’ ते म्हणाले. ‘तुमचा थर्मोस्टॅट उघडाच राहिलाय. पाणी पहिल्यापासनं फिरतंय. चूल गार असली तर काजळी जळंल कशी?’

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारी झडप. मग त्यांनी स्कॅनर लावला. हायवेला चाळीस किलोमीटर पळवूनही इंजिनचं पाणी पासष्ट अंशांच्या पुढं जात नव्हतं. ते ऐंशीच्या वर असायला हवं होतं. कॉम्प्युटरला इंजिन अजून तापायचंच आहे असं वाटत होतं, म्हणून तो रिजनरेशन मनावर घेत नव्हता. मीटरवरचा काटा मध्यापेक्षा थोडा खाली राहतो हे मला दिसत होतं, पण गाडी तापत नाही म्हणजे बरंच आहे असं मी धरून चाललो होतो. थर्मोस्टॅट आणि कूलंट मिळून दोन हजारांच्या आसपास गेले. एक सक्तीचं रिजनरेशन केलं, जाळीतली काजळी ८८ टक्क्यांवरून १२ वर आली. जाळी तीच आहे, आजही.

यातून मी जे शिकलो ते असं की जाळी भरणं हे बहुतेक वेळा लक्षण असतं, मूळ रोग दुसरीकडं असतो. जाळी बदलून घेण्याआधी मिस्त्रींना एवढं बघायला लावा. थर्मोस्टॅट. इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोपासून ती हवा गार करणाऱ्या इंटरकूलरपर्यंतची नळी कुठं फाटलीय का, कारण हवा कमी पडली की काजळी वाढते. एखादा इंजेक्टर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोटी, जास्त डिझेल सोडतोय का. ईजीआर व्हॉल्व्ह काजळीनं अर्धवट उघडा अडकलाय का. आणि जाळीच्या पुढचा-मागचा दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या दोन बारीक नळ्या. या नळ्या तडकल्या किंवा आतून बुजल्या की सेन्सर खोटं सांगतो, आणि निरोगी जाळी आजारी ठरते. नळी बदलायला पाचशे रुपये, जाळीला लाख. फरक मोठा आहे, विचारायला लाजू नका.

गाडीच्या तपासणीच्या सॉकेटात बसणारा एक साधा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर गाडीत ठेवाच. मोबाइलवर काजळीची टक्केवारी, जाळीचा दाब, धुराचं तापमान आणि शेवटच्या रिजनरेशननंतरचे किलोमीटर दिसतात. सगळ्या गाड्यांत सगळं दिसत नाही, पण एरर कोड तरी वाचता येतो. पी २४६३ म्हणजे काजळी जास्त साठली. पी ०४०१ म्हणजे ईजीआरमधून धूर पुरेसा येत नाही. पी २०७एफ म्हणजे युरियाच्या दर्जाबद्दल गाडीला शंका आहे. हे लिहून घेऊन गॅरेजला गेलात की बोलणं वेगळ्या पातळीवर होतं.

आता युरिया. कागदावर त्याला डीईएफ म्हणतात, रस्त्यावर सगळे युरियाच म्हणतात, आणि या एका नावानं आपल्या भागात फार घोटाळा केलाय. डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया आणि बाकी क्षारमुक्त पाणी. धुराच्या नळीत त्याचा फवारा पडतो, उष्णतेनं त्यातून अमोनिया सुटतो, आणि तो शेवटच्या डब्यात नायट्रोजनच्या ऑक्साइडशी भिडतो. बाहेर पडतं ते साधं नायट्रोजन आणि पाण्याची वाफ. काम सुरेख आहे, पण त्याला शुद्धता लागते.

‘घरात युरियाची गोणी आहे, बादलीत कालवून टाकतो,’ असं मला वाळव्याच्या एका बागायतदारानं अगदी प्रामाणिकपणे विचारलं होतं. ४५ किलोची गोणी अनुदानामुळं २६६ रुपये ५० पैशांना मिळते, तेव्हा हा विचार मनात येणं साहजिक आहे. पण शेतीच्या युरियाला २०१५ पासून कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो, त्यात बाययुरेट ही युरिया बनवताना होणारी अशुद्धी असते, दाणे चिकटू नयेत म्हणून घातलेली द्रव्यं असतात. बोअरच्या पाण्यातले क्षार त्यात मिळाले की झालंच. तुमच्या गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, तोच फवाऱ्याच्या नोझलवर आणि उत्प्रेरकावर चढणार. पंप, नोझल, उत्प्रेरक, तिन्ही जातात. आणि अनुदानाचा युरिया शेतीशिवाय दुसरीकडं वापरणं बेकायदा आहे, ते वेगळंच.

विकत घेतलेला डीईएफ तरी बरोबर आहे का, हे तपासायची एक युक्ती सांगतो. तासगाव, पलूसकडं द्राक्षं पिकवणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात मोसमात ब्रिक्स मीटर असतो. मण्याचा एक थेंब काचेवर टाकायचा, उजेडाकडं धरायचा, गोडी अठरा-वीसला आली का बघायचं. त्याच मीटरवर पहाटेच्या गारव्यात डीईएफचा थेंब टाका. काच आधी नीट पुसून कोरडी करा. निळ्या-पांढऱ्याची रेघ ३१ च्या आसपास, म्हणजे ३० ते ३२ च्या दरम्यान दिसायला हवी. २५ दिसली तर पाणी घातलंय. रेघ बरोबर आली म्हणजे माल शुद्धच आहे असं नाही, कारण मीटर फक्त घट्टपणा सांगतो, भेसळ ओळखत नाही. पण पाणी घातलेली बादली तरी पकडली जाते. माझ्याकडं एकदा हायवेच्या कडेच्या टपरीवरची बादली २२ दाखवत होती. ती मी टाकीत ओतली नाही.

डीईएफला उष्णता सोसत नाही. पंचवीस अंशांखाली ठेवला तर दीड वर्ष टिकतो, तीसला वर्षभर, पस्तीसला सहा महिने. सांगलीत एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली उभ्या गाडीच्या टाकीत काय होत असेल, याचा विचार करा. कॅम्पर महिनोन्महिने उभा असतो, टाकी भरलेली असते, आणि आतला माल जुना होऊन जातो. म्हणून उन्हाळ्यात टाकी भरून ठेवू नका. बादली घेताना तारीख बघा, घरात सावलीला ठेवा. लडाख-स्पितीला जाणाऱ्यांसाठी उलटी गोष्ट. तो उणे अकरा अंशांना गोठतो आणि गोठताना फुगतो, म्हणून टाकी काठोकाठ भरायची नाही. वितळवायला टाकीत हीटर असतो, घाबरायचं कारण नाही.

फवारा गार नळीत पडला तर काय होतं, हे गुऱ्हाळ बघितलेल्याला सांगावं लागत नाही. काकवी आटत आली की कढईच्या काठाला जशी साखर धरते, तसे नळीत पांढरे खडे धरतात. म्हणून धूर दोनशे अंशांच्या आसपास तापल्याशिवाय गाडी फवारा मारत नाही, आणि जागेवर घुमवत ठेवलेल्या गाडीत ही व्यवस्था अर्धवटच चालते. झाकणाजवळ पांढरी पूड दिसली तर ती कोमट पाण्यानं पुसा, त्यात काळजीचं काही नाही. डिझेल ओतायचं नरसाळं यासाठी कधीच वापरू नका. पितळी किंवा तांब्याचं भांडंही नको, डीईएफ त्या धातूंना खातो. आणि चुकून डीईएफ डिझेलच्या टाकीत गेला, किंवा डिझेल निळ्या झाकणात, तर चावी फिरवूच नका. पंप सुरू होण्याआधी टाकी उपसली तर हजारात भागतं.

युरिया संपला की गाडी काय करते, याची भीती सगळ्यांना असते. चालती गाडी रस्त्यात बंद पडत नाही. लहान गाड्या बऱ्याच आधीपासून किलोमीटर मोजत सांगतात, आणि मोजणी शून्यावर आल्यावर गाडी बंद केली तर परत सुरू होत नाही. मोठ्या चेसिसवरच्या गाड्यांत आधी सुमारे पाव ताकद जाते आणि शेवटी वेग ताशी वीसवर अडकतो. खरा त्रास तेव्हा होतो, जेव्हा टाकी भरलेली असते आणि सेन्सरच खोटं बोलतो. अमेरिकेत २०२१ मध्ये चिपच्या टंचाईत डीईएफच्या टाकीतले सेन्सर मिळेनासे झाले आणि मोटारहोममध्ये राहणारी माणसं, गाडीत काहीच बिघाड नसताना, ताशी आठ किलोमीटरच्या वेगावर येऊन रस्त्याकडेला अडकली. शेवटी तिथल्या पर्यावरण खात्याला सॉफ्टवेअरमध्ये तात्पुरत्या बदलाची परवानगी द्यावी लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच खात्यानं पुढच्या गाड्यांत अशी अचानक ताकद जाऊ नये म्हणून सूचना काढल्या. तिथल्या लोकांचा राग मला पटतो. माणूस घर घेऊन रस्त्यावर असतो, त्याला गॅरेजपर्यंत पोचण्याइतकी मुभा हवीच.

पण त्या रागातून ‘जाळी काढून टाका, युरिया बंद करा, मॅपिंग करून देतो’, म्हणजे कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून देतो, म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. असे लोक आपल्याकडंही आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत असा मूळ बदल करता येत नाही. कलम १९०(२) खाली प्रदूषणासाठी दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि लायसन्सवर गदा येऊ शकते. अपघातात इन्शुरन्सवाला हेच कारण पुढं करील. माझ्यासाठी याहून मोठं कारण वेगळं आहे. ट्रकचा ड्रायव्हर धुराच्या पुढं असतो. कॅम्परवाला त्याच धुराशेजारी खुर्ची मांडून जेवतो, मुलं तिथंच खेळतात.

म्हणूनच आणखी एक. जाळी उतरवून बसवली की जोडाची गॅसकेट नवी टाकायला लावा, आणि गाडी चालू असताना फ्लँजजवळ, म्हणजे नळीच्या जोडाच्या कडेजवळ, काळा डाग किंवा फुसफुस आहे का, ते स्वतः बघा. मालगाडीत एवढी गळती चालून जाते. आपण वर बेड टाकून झोपतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा अलार्म ऑनलाइन सहज मिळतो. तो बेडच्या उंचीला लावा, आणि लावल्याशिवाय त्या गाडीत मुक्काम करू नका.

पावसाळ्याचं सांगून थांबतो. जून ते ऑगस्ट आपल्या गाड्या उभ्या असतात, आणि दर रविवारी पाच मिनिटं सुरू करून बंद करायची पद्धत घरोघरी आहे. बॅटरीला वाटतं बरं, जाळीला ते विष आहे. गार इंजिन, काजळीचा भपकारा आणि लगेच बंद. त्यापेक्षा बॅटरीला छोटा चार्जर लावून ठेवा आणि तीन आठवड्यांतून एकदा, पाऊस उघडला की, चाळीस-पन्नास किलोमीटर पळवून आणा. मी उंब्रजपर्यंत जातो. परत आल्यावर बॉनेटवर हात ठेवून बघतो, पंखा थांबलेला असेल तरच चावी काढतो.